पाणी थोडे, पण वेळेवर : जिरायत जमिनीत अश्वगंधा आणि शतावरी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. 'जलदूत'च्या पहिल्या खेपेत दहा वाघिणी होत्या आणि त्यांत मिळून साधारण ५ लाख लिटर पाणी होते. त्या गाडीचे फोटो देशभर छापून आले. आता एक साधा हिशेब करून बघू. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. एवढ्या जमिनीवर १ मिलिमीटर पाणी द्यायचे तर ४,०४७ लिटर लागतात. म्हणजे ती अख्खी रेल्वे एका एकरात ओतली असती, तर जेमतेम १२ सेंटीमीटर पाणी झाले असते. मोकाट पद्धतीने भिजवले तर एवढ्यात दोन पाळ्यासुद्धा पूर्ण होत नाहीत. आणि पाटाने भिजवलेला एक एकर ऊस वर्षाला ८० लाख ते १ कोटी लिटर पाणी घेतो.

दुष्काळी भागात शेती करणाऱ्याने हा आकडा डोक्यात पक्का ठेवायला हवा. पाऊस पडत नाही, ही अर्धी गोष्ट आहे. मराठवाड्यात सरासरी साडेसहाशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. तो कुठे जातो, कोणाच्या पिकाला जातो आणि कधी दिला जातो, ही उरलेली अर्धी गोष्ट आहे.

हा विषय आपला का आहे?

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९६४ मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला. त्यांच्याच नावाने आज राज्यात सबळीकरण व स्वाभिमान योजना चालते. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला या योजनेत चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळते. विधवा आणि परित्यक्ता भगिनींना प्राधान्य आहे. जमीन मिळावी म्हणून आपले कार्यकर्ते समाजकल्याण कार्यालयाचे उंबरे झिजवतात. सातबाऱ्यावर नाव लागते, पेढे वाटले जातात. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. मिळालेली जमीन अनेकदा हलकी, मुरमाड, गावाच्या टोकाची असते. विहीर नसते. पहिल्या वर्षी सोयाबीन पेरले जाते, सप्टेंबरात पावसाने ओढ दिली की शेंगा भरत नाहीत, आणि दुसऱ्या वर्षी घरातला तरुण पुन्हा ऊसतोडीला किंवा पुण्याला निघून जातो. जमीन नावावर राहते, पोट मात्र मजुरीवरच चालते.

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान धारण क्षेत्रांवर एक निबंध लिहिला होता. त्यातला मुख्य मुद्दा आजही उपयोगी आहे. शेत लहान आहे की मोठे, एवढ्यावर ते परवडते की नाही हे ठरत नाही. त्या शेताला भांडवल, अवजारे आणि बाकीची साधने किती मिळतात, यावर ते ठरते. कोरडवाहू चार एकराच्या बाबतीत या साधनांमध्ये पहिले साधन पाणी. म्हणून थोड्या पाण्यात काय पिकवता येईल, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. औषधी मुळांची पिके त्यातला एक पर्याय आहे. तो सर्वांसाठी नाही, आणि त्यात फसगतही होते. दोन्ही बाजू पुढे मांडतो.

मुळाचे पीक पाण्याकडे वेगळ्या नजरेने का बघते?

भाजीपाल्यात आपण पाने, फुले, फळे विकतो. तिथे पाणी तुटले की माल लगेच सुकतो. अश्वगंधेत आपण मूळ विकतो. वरचा थर थोडा कोरडा झाला की झाड ओलाव्याच्या शोधात मूळ खाली नेते आणि त्यात अन्न साठवते. त्याच झाडाला दर आठवड्याला पाणी दिले तर वरचा पाला दाट होतो, मुळाभोवती सतत ओल राहते आणि मूळकूज सुरू होते. ज्या घटकांसाठी ही मुळे औषधात वापरतात, ते घटकही वनस्पती स्वतःच्या संरक्षणासाठीच तयार करते. थोडा ताण त्याला मदत करतो.

यावरून 'पाणी दिलेच नाही तरी चालते' असा अर्थ मात्र काढू नका. बियाणे विकणारे हेच सांगतात आणि शेतकरी इथेच फसतो. उगवणीच्या वेळी ओल नसेल तर रोपेच उभी राहत नाहीत. मूळ जाड होण्याच्या काळात जमीन पूर्ण कोरडी असेल तर मूळ काडीसारखे बारीक राहते. अशा मालाला बाजारात शेवटची प्रत लागते. थोडक्यात, अश्वगंधेला संपूर्ण हंगामात दोन-तीनच संरक्षित पाळ्या लागतात, पण त्या ठरलेल्या वेळीच लागतात.

कोणते पीक निवडावे?

अश्वगंधा : पाच-सहा महिन्यांचे पीक. मध्य प्रदेशातील नीमच आणि मंदसौर हे जिल्हे यासाठी प्रसिद्ध आहेत, आणि नीमचची मंडी हा या मुळांचा मोठा बाजार आहे. हवामानाने तो भाग आपल्या कोरडवाहू पट्ट्यापासून फार वेगळा नाही. जमीन हलकी ते मध्यम आणि निचऱ्याची हवी. काळ्या चिकण जमिनीत पाणी साचते, तिथे हे पीक घेऊ नये. मात्र फूटभरसुद्धा माती नसलेल्या खडकाळ जागेत मूळ वाकडे होते, त्याला फाटे फुटतात. या झाडाला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. कुंपण नसलेल्या शेतात हा मोठा फायदा.

शतावरी : दीड ते दोन वर्षांचे पीक. मुळांचा झुबका जमिनीखाली पाणी साठवून ठेवतो, म्हणून एकदा रुजल्यावर वेल कडक उन्हाळाही काढते. पण दोन वर्षे पैसा हातात येत नाही. ज्याचे घर त्याच शेतावर चालते, त्याने सगळ्या जमिनीत शतावरी लावू नये. बांधाला, कडेला किंवा दहा गुंठ्यात लावावी.

सफेद मुसळी : या वनस्पतीच्या शास्त्रीय नावात आपल्या बोरिवलीचे नाव आहे. विदर्भात तिची शेती होते. परंतु लागवडीचे कंद फार महाग, गादीवाफे आणि मजुरी जास्त, आणि पाऊस संपल्यावर ओल टिकवावी लागते. पहिल्यांदा औषधी शेतीत उतरणाऱ्या अल्पभूधारकाने मुसळीपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः अश्वगंधेचे आणि थोडे शतावरीचे आहे.

एका शेततळ्याचा हिशेब

१५ मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल शेततळे घ्या. बाजू उतरत्या असल्यामुळे त्यात ४४१ घनमीटर, म्हणजे सुमारे ४ लाख ४१ हजार लिटर पाणी मावते. पाऊस संपल्यावर हिवाळ्यात रोज ४ ते ५ मिलिमीटर पाणी वाफ होऊन उडते. २२५ चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून हे रोजचे हजार लिटर झाले. तीन महिन्यांत ८०-९० हजार लिटर असेच जातात. तळ्याला प्लास्टिकचे अस्तर असेल तर पाझर थांबतो आणि हातात साधारण ३ लाख लिटरच्या वर पाणी उरते. मुरमाड जागेत अस्तर नसेल तर डिसेंबरपर्यंत तळे कोरडे पडलेले दिसेल.

आता या ३ लाख लिटरचे काय करता येते? मोकाट भिजवले तर एका पाळीला ७५ मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. एका एकराला ते सुमारे ३ लाख लिटर होते. म्हणजे एकच पाळी आणि तळे रिकामे. ठिबकने एका पाळीला २५ मिलिमीटर दिले तर सुमारे १ लाख लिटर लागतात. म्हणजे त्याच तळ्यातून एका एकराला तीन पाळ्या. अश्वगंधेला लागतात त्याही तीनच. तळे तेच, जमीन तीच. पाणी कसे दिले एवढाच फरक.

सुरुवात दहा गुंठ्यांपासून करायची असेल तर एका पाळीला २५ हजार लिटर आणि तिन्ही पाळ्यांना मिळून ७५ हजार लिटर लागतील. शेजाऱ्याच्या विहिरीवरून एवढे पाणी विकत किंवा वाटणीने मिळू शकते का, हे पेरणीआधी विचारता येते. पेरणीनंतर विचारायला गेलात तर भाव तो ठरवील.

अश्वगंधा : कोणती पाळी कधी

पेरणी जुलैच्या अखेरीस ते ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. जूनच्या मुसळधार पावसात बारीक बी वाहून जाते किंवा कुजते. बी मागच्याच हंगामाचे ताजे घ्यावे, जुने बी नीट उगवत नाही. एकरी चार-पाच किलो बी बारीक वाळूत मिसळून ३० सेंटीमीटरच्या ओळींत एक-दोन सेंटीमीटर खोलीवर पेरावे. जवाहर असगंध-२०, जवाहर असगंध-१३४, पोषिता ही जाणकारांच्या ओळखीची वाणे आहेत. महिनाभराने विरळणी करून दोन झाडांत ८ ते १० सेंटीमीटर अंतर ठेवावे. विरळणी टाळली की मुळे बारीक राहतात. इथे आळस करू नका.

पहिली पाळी : ही फक्त गरज पडली तर. पेरणीनंतरच्या चार-सहा आठवड्यांत पावसाने दोन आठवड्यांहून जास्त ओढ दिली तर हलके पाणी द्यावे. पाऊस चालू असेल तर ही पाळी वाचते आणि तळ्यातले पाणी पुढे कामाला येते.

दुसरी पाळी : परतीचा पाऊस संपल्यावर, म्हणजे ऑक्टोबरची अखेर किंवा नोव्हेंबरचा पहिला आठवडा. या वेळी झाड मोठे झालेले असते आणि मूळ खाली उतरत असते.

तिसरी पाळी : नोव्हेंबरच्या शेवटी ते डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. मूळ जाड होण्याचा हा काळ. ही पाळी चुकली तर वजन जाते.

त्यानंतर पाणी बंद. जानेवारी-फेब्रुवारीत खालची पाने सुकू लागतात, फळे लाल होतात. ही काढणीची खूण. जमीन दगडासारखी घट्ट झाली असेल तर खणण्याच्या एक-दोन दिवस आधी अगदी हलके पाणी शिंपावे, म्हणजे मूळ तुटत नाही.

तारखा या अंदाजाच्या आहेत, शेवटचा शब्द मातीचा. झाडाच्या जवळ वीतभर खोल खणून मूठभर माती घ्या आणि दाबा. लाडू झाला आणि टिकला तर पाणी देऊ नका. लाडू होता होता फुटत असेल तर पाळीची वेळ आली. हे शिकायला कोणतेही यंत्र लागत नाही, आणि घरातली बाई हे काम सर्वात चांगले करते, कारण निंदणी-खुरपणीच्या निमित्ताने रोज ओळीत तीच बसलेली असते. म्हणून पाण्याचे प्रशिक्षण फक्त पुरुषांना देऊ नका.

शतावरी : पहिले दोन महिने सांभाळा

शतावरीची रोपे पावसाळ्याच्या सुरुवातीला वरंब्यावर ६० सेंटीमीटर ते १ मीटर अंतराने लावतात. पहिल्या दोन महिन्यांत पावसाची उघडीप असेल तर आठवड्याला हलके पाणी लागते. एकदा रोप रुजले की हिवाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी आणि उन्हाळ्यात त्याहून थोडे लवकर पाणी पुरते. वेल वरून पिवळी पडली, सुकली, तरी घाबरून पाणी वाढवू नका. खाली कंद जिवंत असतो आणि पावसाबरोबर नवे कोंब येतात. वेलीला काठीचा आधार द्यावा.

ज्यांच्याकडे पाण्याची काहीच सोय नाही, त्यांच्यासाठी मडक्याची पद्धत आहे. चकाकी न दिलेले साधे मातीचे मडके दोन-तीन रोपांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरायचे, पाण्याने भरून वर झाकण ठेवायचे. मडक्याच्या अंगातून पाणी हळूहळू झिरपते आणि मुळाशीच राहते. पाच लिटरची शंभर मडकी एकदा भरायला ५०० लिटर लागतात. म्हणजे दोनशे लिटरचे अडीच पिंप. एक एकराला हे जमणार नाही, पण बांधावरच्या दोन-तीनशे वेलींना नक्की जमते.

ठिबक घेताना काय बघावे

अश्वगंधेसाठी ९० सेंटीमीटर रुंदीचा गादीवाफा, त्यावर तीन ओळी आणि मधोमध एक नळी ही मांडणी मध्यम जमिनीत बसते. अगदी मुरमाड जमिनीत ओल आडवी कमी पसरते आणि सरळ खाली जाते, तिथे एका नळीवर दोनच ओळी घ्याव्यात. दोन नळ्यांत १.२ मीटर अंतर, ४० सेंटीमीटरवर एक तोटी आणि प्रत्येक तोटीतून तासाला २ लिटर, असे धरले तर एकरात सुमारे ८,४०० तोट्या होतात आणि तासाला जवळपास १७ हजार लिटर पाणी लागते. छोटा पंप एवढे पाणी देऊ शकत नाही. दाब कमी पडला की जवळची झाडे भिजतात, टोकाची कोरडी राहतात. म्हणून एकराचे तीन-चार भाग पाडून प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह बसवावा. या मांडणीत तासाला साधारण ४ मिलिमीटर पाणी पडते, म्हणजे २५ मिलिमीटरसाठी एका भागाला सहा तास.

शेततळ्याच्या पाण्यात शेवाळ असते. नुसत्या जाळीच्या गाळणीने भागत नाही, वाळूची गाळणीही लागते. नळ्यांची टोके दर पाळीला उघडून गाळ बाहेर काढावा. अनेक शेतांत अनुदानाचे ठिबक दोन वर्षांत बांधावर गुंडाळून पडलेले दिसते. बहुतेक वेळा कारण एकच असते, तोट्या तुंबल्या आणि कोणी साफ केल्या नाहीत.

ठिबक नसेल तर

गायरान जमीन कसणाऱ्या आपल्या कितीतरी कुटुंबांच्या नावावर सातबारा नाही. सातबारा नाही म्हणजे अनुदानाचे दार बंद. त्यांनी काय करायचे? यावरही उपाय आहेत.

एकाआड एक सरी : सरी-वरंब्यावर पीक असेल तर एका पाळीला पहिली, तिसरी, पाचवी सरी भिजवायची आणि पुढच्या पाळीला दुसरी, चौथी, सहावी. झाडाच्या एका बाजूला ओल मिळते आणि पाणी जवळपास निम्म्यावर येते.

कोळपणी : 'एक कोळपणी, अर्धे पाणी' असे जुने शेतकरी म्हणतात. जमिनीला पडलेल्या भेगा बुजल्या की त्यांतून होणारी वाफ थांबते, आणि तणाने पिणारे पाणीही वाचते. पाळी देऊन वाफसा आला की लगेच कोळपावे.

आच्छादन : सोयाबीनचा भुसा, तुरीचा पाला, वाळलेले गवत दोन ओळींत पसरावे. हे जाळण्यापेक्षा मातीवर टाकलेले बरे.

रुंद वरंबा-सरी : मोठा पाऊस आला तर जादा पाणी सरीतून निघून जाते, पाऊस थांबला तर वरंब्यात ओल राहते. मुळाच्या पिकाला दोन्ही गोष्टी हव्या असतात.

योजना : काय मागायचे, कुठे मागायचे

अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. नवीन विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती, पंपसंच, वीजजोडणी, शेततळ्याचे अस्तर आणि सूक्ष्म सिंचन या बाबी त्यात येतात. ही योजना जिल्हा परिषदेचा कृषी विभाग राबवतो आणि अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचा असतो. सातबारा, आठ-अ उतारा आणि जातीचा दाखला तयार ठेवावा. त्याशिवाय ठिबकला केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के अनुदान आहे, आणि मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून राज्य त्यात भर घालते. रकमा आणि अटी शासन निर्णयाने बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी ताजा निर्णय कृषी कार्यालयात बघूनच पुढे जावे.

एक चूक वारंवार होते. दुकानदाराच्या सांगण्यावरून लोक आधी ठिबक विकत घेतात आणि मग अर्ज करतात. पूर्वसंमती मिळण्यापूर्वी केलेली खरेदी अनुदानात बसत नाही. कार्यकर्त्यांनी हे एक वाक्य जरी वस्तीवर सांगितले तरी अनेकांचे पैसे वाचतील.

बाजार : खरा धोका इथे आहे

पाणी वाचवून पीक उभे केले, पण विकायला कोणी नाही, ही औषधी शेतीतली जुनी कथा आहे. 'रोपे आमच्याकडून घ्या, माल आम्हीच परत घेऊ' असे सांगून अनेकांनी महागडी रोपे विकली आणि काढणीच्या वेळी फोन उचलला नाही. मुसळीच्या शेतीत असे हात पोळलेले शेतकरी विदर्भात भेटतात. म्हणून पेरणीआधी काही गोष्टी कराव्यात.

उत्पादनाचा आकडा तपासा. कोरडवाहू अश्वगंधेचे वाळलेल्या मुळांचे उत्पादन साधारणपणे हेक्टरी तीन ते पाच क्विंटल येते. म्हणजे एकरी सव्वा ते दोन क्विंटल. व्यवस्थापन चांगले असेल तर थोडे वाढते. कोणी एकरी दहा क्विंटल सांगत असेल तर त्याच्याकडून बी घेऊ नका.

दर स्वतः विचारा. मंडीतला चालू दर घ्या, त्यातून वाहतूक, मजुरी, बी आणि पाणी वजा करा, आणि तेवढ्याच जमिनीत तूर किंवा हरभऱ्याने काय दिले असते ते बाजूला लिहा. फरक अगदी थोडा असेल तर ओळखीचे पीक बरे.

प्रत समजून घ्या. बोटाएवढे जाड, सरळ, आतून पांढरे आणि ठिसूळ मूळ सर्वात वरच्या प्रतीत जाते. बारीक, पोकळ, पिवळसर तुकडे शेवटच्या प्रतीत. खणल्यावर मुळे स्वच्छ करून ७ ते १० सेंटीमीटरचे तुकडे करावेत, नीट वाळवावेत आणि प्रतवारी करूनच विकावेत. सगळा माल एकत्र पोत्यात भरला तर व्यापारी शेवटच्या प्रतीचा भाव लावतो. शतावरीत आणखी एक गोष्ट : ओल्या मुळात बहुतांश पाणीच असते, वाळल्यावर वजन पार उतरते. ओल्या वजनाचा हिशेब मांडून स्वप्ने बघू नका. शिवाय जंगलातून खणून आणलेली शतावरीही बाजारात येते आणि तिच्याशी तुमच्या मालाला स्पर्धा करावी लागते.

माहितीसाठी अधिकृत ठिकाणे आहेत. केंद्राचे राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ आहे. पुण्यात राज्याचे फलोत्पादन व औषधी वनस्पती मंडळ आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पश्चिम विभागाचे सुविधा केंद्र आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, तिथे जाऊन ही झाडे प्रत्यक्ष बघता येतात. बी-रोपांची चौकशी एजंटकडे करण्याआधी या ठिकाणी करावी.

कार्यकर्त्यांनी काय करावे

एकट्या शेतकऱ्याचा दीड क्विंटल माल नीमचला नेणे परवडत नाही. दहा जणांचा पंधरा क्विंटल माल एका गाडीत जातो आणि भावही विचारता येतो. म्हणून हे पीक एकट्याने घेण्यापेक्षा एका गावातल्या किंवा शेजारच्या दोन-तीन गावांतल्या दहा कुटुंबांनी मिळून, प्रत्येकी दहा ते वीस गुंठ्यांत घ्यावे. बाकीच्या जमिनीत तूर, ज्वारी, हरभरा चालू ठेवावा. पहिले वर्ष शिकण्याचे समजावे.

उन्हाळ्यात गावात एक बैठक घ्या आणि फक्त एवढ्या गोष्टी कागदावर उतरवा. कोणाकडे कोणत्या प्रकारची किती जमीन आहे, सातबारा आहे की नाही. नोव्हेंबरमध्ये पाणी कुठून मिळेल आणि किती लिटर. कोणाचा योजनेचा अर्ज भरायचा आहे. माल कोणत्या बाजारात जाणार आणि तिथल्या दोन व्यापाऱ्यांनी आज काय दर सांगितला. या प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच ऑगस्टमध्ये पेरणी करा. एकाही प्रश्नाचे उत्तर नसेल तर त्या वर्षी थांबा, त्यात कमीपणा नाही.

जमिनीसाठी आपल्या आधीच्या पिढीने तुरुंग भोगला. त्या जमिनीचा तुकडा आज कोणाच्या नावावर लागला असेल तर तो पडीक राहू नये, आणि फसव्या करारात गहाणही पडू नये. एका शेततळ्यात किती लिटर पाणी मावते आणि ते कोणत्या आठवड्यात सोडायचे, हे गावातल्या दोन तरुणांना जरी नीट समजले, तरी दहा घरांच्या शेतीत फरक पडू शकतो.